आधी गोलकीपर की आधी स्ट्रायकर?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, सईला — माझ्या लेकीला — तर नाहीच नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं एक सोडून बाकीचं सांगते. त्याला ठाऊक असणारच, मग पुन्हा कशाला — अशी स्वतःची समजूत घालते. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगितलं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

दर दिवाळीला सरेहून, कॅनडाच्या पार पश्चिम टोकाहून, वर्षाचा मेसेज येतो. फराळाच्या ताटाचा फोटो, आणि खाली ठरलेलं वाक्य — ताई, त्या वर्षी तुम्ही होत्या म्हणून आम्ही या देशात टिकलो. मी दोन जोडलेले हात पाठवते. आणि मग दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नसतं. चकल्या करपतात, मी उगाच नवऱ्यावर खेकसते. तो बिचारा विचारतो, दिवाळी आली की तुला काय होतं गं? काय सांगू त्याला?

गोष्ट फुटबॉलची आहे. हसू नका. म्हणजे हसा हवं तर, सुरुवातीला मीही हसतच होते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पेठेपेठेची टीम, तालमीतली पोरं, आणि मॅचच्या दिवशी घरातले पुरुष जेवायलासुद्धा थांबायचे नाहीत. माझे आबा आणि धाकटे काका यांचं जन्मभर एकच भांडण चाललं — टीम बांधायची तर आधी गोलकीपर बघायचा की आधी गोल मारणारा स्ट्रायकर? आबा म्हणायचे, भिंत पक्की असली तर घर उभं राहतं. काका म्हणायचे, नुसत्या भिंतीला काय चाटायचंय? गोल काय आपला बा येऊन मारणार? मी दाराआडून ऐकायची. पोरींनी खेळायचं नव्हतं, पण ऐकायला कुणाची बंदी होती? दोघांचंही मला पटायचं. आणि दोघांचंही पटणं, हीच पुढे माझी खोड ठरली. मला दोन्ही हवं असतं.

आता २०१७ सालच्या मिल्टनला चला. टोरांटोच्या पश्चिमेला, नव्या कोऱ्या सारख्या सारख्या घरांचं गाव. सई दहा वर्षांची. इथे आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात, आणि मुलींच्या टीमना कोच मिळत नाहीत म्हणून आईबापांनाच कोच व्हावं लागतं. मी हात वर केला. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी बाई मी, पण गळ्यात शिट्टी अडकवली आणि मला वाटलं — आबा, बघा की, तुमची पोरगी!

त्याच हिवाळ्यात वर्षा आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आली. अमरावतीची. तिकडे चांगली फिजिओथेरपिस्ट होती, इथल्या परीक्षा होईपर्यंत ग्रोसरीच्या दुकानात संध्याकाळची शिफ्ट करायची. नवरा टोरांटोला नोकरीला, ट्रेनने उशिरा परतायचा. आणि त्यांची एकुलती एक पूर्वा, सईच्याच वयाची, सईच्याच शाळेत.

पूर्वा शाळेत बोलत नसे. एक शब्द नाही. घरी मात्र वऱ्हाडी ठसक्यात अशी टकळी चालू असायची की खालून वरपर्यंत ऐकू यायचं. मग वर्षाचा दबलेला आवाज यायचा, हळू बोल बाप्पा, मावशीचं घर आहे हे, मावशीला त्रास नको. उड्या मारू नको, मावशीचं घर आहे. दार आपटू नको, मावशीचं घर आहे. मी कितीदा सांगितलं, अगं बोलू दे की पोरीला. पण भाड्याच्या घरातली माणसं अशीच असतात. मी स्वतः या देशात आले तेव्हा अशीच होते.

तर बर्फ अजून वितळायचं होतं तेव्हाची गोष्ट. गाडी बाहेर काढून मी रिकाम्या गॅरेजात सईबरोबर बॉल मारत होते. सई दोन मिनिटांत कंटाळून आत गेली. पूर्वा दाराशी उभी होती. मी म्हटलं, ये. तिला गॅरेजच्या बंद शटरपुढे उभं केलं, आणि हळूच एक मारला. तिने धरला. जरा जोरात मारला. धरला. मग मला चेव आला, आणि मी असा एक हाणला की माझाच जीव घाबरा झाला. पूर्वाने तोही छातीशी घेतला आणि म्हणाली, "मावशी, अजून एक."

गोलकीपर कसा ओळखायचा, तर आबा सांगायचे, बॉल तोंडावर येताना तो डोळे मिटतो का बघ. ही पोरगी डोळे मिटत नव्हती. एकदाही नाही. हे नीट लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही, निदान तुम्ही तरी लक्षात ठेवा.

त्यानंतर रोज शाळेतून आलं की गॅरेज. वर्षा शिफ्टला जाता जाता थांबून बघायची. एकदा बेसमेंटच्या जिन्यावर तिने मला गाठलं. डब्यात गोळाभात होता, आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, "ताई, तिला तुमच्याच टीममध्ये घ्या ना. तुमच्यापाशी ती मोकळी असते. मैदानावर बोलायला लागली तर शाळेतही बोलेल." मी म्हटलं, "अगं वेडे, सांगायला पाहिजे का? पूर्वा माझीच."

शब्द दिला. डबा घेतला. गोळाभात फार चविष्ट होता — हे का सांगतेय मी? मुद्द्यावर ये की गं बाई.

बरं. टीम कशा ठरतात ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधी मैदानावर सगळ्या मुलींना पळवून, बॉल खेळवून बघतात. मग एप्रिलातल्या एका संध्याकाळी कम्युनिटी सेंटरच्या खोलीत सहा टीमचे सहा कोच बसतात. फळ्यावर नावं लिहिलेली. आणि आळीपाळीने एकेक मुलगी उचलायची. याला ड्राफ्ट म्हणतात. कोचची स्वतःची मुलगी तेवढी आपोआप त्याच्याकडे. शेजारी, मैत्रीण, भाडेकरू — कुणालाही सवलत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून. पहिल्या फेरीत एक ते सहा, आणि दुसऱ्या फेरीत उलटं, सहा ते एक. माझा नंबर दुसरा निघाला. म्हणजे पहिल्या फेरीत लगेच निवड, आणि मग सगळ्यांचं होऊन फिरून येईपर्यंत वाट बघायची.

फळ्यावर मकेना नावाची एक मुलगी होती. काय पळायची! वारा. गोल मारायची ती, सगळ्या कोचांनी पाहिली होती. आणि फळ्यावर पूर्वा होती. तिला कुणी नीट पाहिलंच नव्हतं, कारण त्या चाचणीत गोलकीपिंग जवळजवळ घेतलंच नाही. तिची किंमत त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती.

सरळ होतं ना? शब्द दिला होता. पहिल्या निवडीला पूर्वाचं नाव घ्यायचं, घरी जायचं, वर्षाला सांगायचं. आबांच्या म्हणण्याप्रमाणेही तेच बरोबर — आधी गोलकीपर. पण काका डोक्यात बोलायला लागले. पूर्वाला कोण ओळखतंय? कुणी तिला इतक्या लवकर उचलणार नाही. आधी मकेना घे, पूर्वा दुसऱ्या फेरीत आयतीच मिळेल. दोन्ही मिळतील. हाव म्हणजे हावच, दुसरा शब्द नाही. पहिल्या नंबरच्या कोचने भलतंच नाव घेतलं आणि मी तोंड उघडून म्हणाले — मकेना.

आता पूर्वा उघड्यावर होती. मध्ये बाकी चौघांच्या दोन-दोन पाळ्या.

माझ्यानंतर, तिसऱ्या नंबरला डेव्ह. माझ्या शेजारीच बसला होता. डेव्ह म्हणजे दाढीवाला, शांत, बर्फ पडलं की शेजारच्या म्हाताऱ्यांचे ड्राइव्हवे न सांगता फावड्याने साफ करून देणारा माणूस. त्याने फळ्याकडे बघत, हनुवटी खाजवत मला विचारलं — तुझ्याबरोबर येते ती मुलगी, पूर्वा, तिचे हात चांगले वाटले मला. गोलकीपर आहे का ती?

आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली. दोघी पोरी त्या खोलीतच होत्या. वर्षा शिफ्टला, तिचा नवरा ट्रेनमध्ये, माझा नवरा कामासाठी बाहेरगावी — दोघींना कुणाजवळ सोडू? भिंतीशी एका टेबलावर बसवलं होतं. सईच्या कानात हेडफोन. पूर्वा चित्र रंगवत होती.

आपल्या लोकांची एक सवय असते, इकडे. लिफ्टमध्ये, दुकानाच्या रांगेत, कुणाला ऐकू जाऊ नये असं काही बोलायचं असलं की आपण मराठीत शिरतो. बिनधास्त. समोरच्याला काय कळतंय? त्या दिवशी मी तेच उलटं केलं. मी इंग्रजीत शिरले. पूर्वाला इंग्रजी कुठे येतंय — बोलतच नाही ना ती! बोलत नाही म्हणजे कळत नाही, असं मी धरून चालले. मी, जी स्वतः इथे आल्यावर कितीतरी महिने सगळं समजत असून तोंडातून शब्द काढत नव्हते.

मी डेव्हला म्हणाले, ती बॉलला घाबरते.

तो तरीही फळ्याकडेच बघत होता. हा घेतो आता. हा घेतो. मी पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले — शी डझन्ट रिअली अंडरस्टँड, यू नो. शी इज अ बिट स्लो. म्हणजे, सांगितलेलं तिला कळत नाही. जरा मंद आहे. आणि बोट कानशिलाशी नेऊन जरासं फिरवलं.

झालं. बोलून गेले. एवढंच ते.

तुम्ही म्हणाल, दहा-बारा शब्द. हो. बाजारात गिऱ्हाईक हवी असलेलीच भाजी हातात घेऊन नाक मुरडतं, भाव पडावा म्हणून, तसं मी त्या लेकराला हातात घेऊन नाक मुरडलं. भाव पडावा म्हणून. घरी न्यायचीच होती ती मला! शब्द पाळायचाच होता! म्हणून तर बोलले, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. बघा, माणूस कुठवर जातो ते.

डेव्हने मान हलवली, "ओह" म्हणाला, आणि दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं. डोनटच्या छोट्या गोळ्यांचा डबा फिरत होता, त्यातली एक मी तोंडात टाकली. फेरी पुढे गेली, टोकाला जाऊन वळली, परत यायला लागली. सहावा, पाचवा, चौथा. कुणीच पूर्वाचं नाव घेतलं नाही. आता डेव्ह, आणि मग मी. जमलं होतं माझं. दोन्ही मिळणार होतं.

डेव्ह भिंतीपाशच्या टेबलाकडे बघून हसला. आणि म्हणाला — मी पूर्वाला घेतो. ती फळ्यावर शेवटी राहायला नको. शेवटी कोण राहिलं ते मुलांना बरोबर कळतं.

मग माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, काळजी करू नको, माझी बायको त्यांच्याच शाळेत असते, शिकायला अडचण असलेल्या मुलांना मदत करते. आम्ही बघू तिच्याकडे.

मी काय करायला हवं होतं? सांगा ना. "थांब डेव्ह, मी खोटं बोलले" — पाच शब्द. सगळे जण माझ्याकडे बघत होते. आता माझी पाळी. मी कुठलं तरी नाव घेतलं. कुणाचं, ते आज आठवतही नाही.

घरी जाताना गाडीत सई पुढे, मोबाइलवर. पूर्वा मागे. सिग्नलला थांबले तेव्हा मागून बारीक आवाज आला, "मावशी, मी बॉलला घाबरते का?"

मी आरशात बघितलं नाही. म्हणाले, "नाही गं. कोण म्हणालं?"

"कोणी नाही."

मी रेडिओ लावला.

वर्षाला काय सांगितलं असेल? तिने शिफ्टवरूनच फोन केला होता, धीर धरवत नव्हता तिला. मी म्हणाले, अगं, माझा नंबर फिरून यायच्या आधीच डेव्हने उचललं तिला, मी काय करणार? यात एक अक्षर खोटं नाही. उलट वर्षानेच माझी समजूत घातली. जाऊ द्या ताई, तुम्ही तरी काय कराल, नशीब एकेकाचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा वर आला.

तेव्हापासून माझी झोप गेली. खरंच सांगते. पूर्वाने किती ऐकलं? नुसतं बॉलचं की पुढचंही? बोट फिरवलेलं बघितलं का? बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली की मला वाटायचं — आली वर्षा, कळलं तिला. दार वाजायचं. मी पदराला... कसला पदर, टी-शर्टला हात पुसत दार उघडायची. आणि वर्षा कोथिंबीर मागायची. किंवा कपड्यांचा ड्रायर कधी रिकामा होईल विचारायची. रोज. महिनोन्‌महिने. माझी ॲसिडिटी तेव्हाची आहे, डॉक्टर काहीही म्हणोत.

पूर्वा गॅरेजात यायची थांबली. मी एकदा बोलावलं. म्हणाली, होमवर्क आहे मावशी. मी जास्त आग्रह केला नाही. मला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

उन्हाळ्यात मॅच सुरू झाल्या. डेव्ह पूर्वाशी फार प्रेमाने वागायचा. तिला मैदानाच्या एका कोपऱ्यात मागे उभी करायचा, जिथे बॉल सहसा जात नाही. थोडा वेळ खेळवायचा, मग पाठीवर थाप मारून बाहेर बसवायचा. आणि चुकून तिच्या पायाला बॉल लागला की त्याची अख्खी टीम टाळ्या वाजवायची. आईबाप उठून उभे राहून टाळ्या वाजवायचे. वर्षाला सुट्टी मिळाली की ती यायची, आणि तिला वाटायचं, किती चांगली माणसं! माझ्या पोरीचं किती कौतुक! तीही टाळ्या वाजवायची. पूर्वा बुटांकडे बघत उभी.

आमची आणि त्यांची मॅच आली. त्या दिवशी त्यांची गोलकीपर आलीच नव्हती. डेव्ह पोरींना विचारत होता, गोलमध्ये कोण उभं राहील? सगळ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि पूर्वाने हात वर केला.

मी रेषेच्या अलीकडे होते. बोलले असते तर ऐकू गेलं असतं इतक्या जवळ. डेव्ह गुडघ्यावर बसला, तिचा हात हळूच खाली केला, आणि म्हणाला, नाही बाळा, तुला घाबरायचं काम नाही, कुणी जबरदस्ती करणार नाही. पूर्वाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

एक वाक्य, डेव्ह, तिला उभी कर, ती चांगली आहे. बस्स. पण गुणांच्या तक्त्यात आम्ही त्यांच्या जेमतेम पुढे होतो, आणि मला माहीत होतं की ही पोरगी गोलमध्ये उभी राहिली तर मकेनाचे निम्मे गोल अडवेल. हे त्या मैदानावर मला एकटीला माहीत होतं. मी वळले आणि माझ्या पोरींना पाणी प्यायला सांगितलं.

मॅच आम्ही जिंकलो. मकेनाने गोलावर गोल मारले, मी उड्या मारल्या. काका म्हणतात तेच खरं हो, आधी स्ट्रायकर.

पुढच्या वर्षी पूर्वाने नाव घातलं नाही. पण ते नंतरचं. त्याआधी सप्टेंबरात शाळा उघडली, आणि डेव्हची बायको पूर्वाकडे बघायला लागली. त्याने दिलेला शब्द तिने पाळला. नवऱ्याने सांगितलं होतं, या मुलीला समजायला वेळ लागतो, तर तिने बाईंना सांगितलं, बाईंनी वरती सांगितलं. सगळी मायेची माणसं. वाईट हेतू एकाचाही नव्हता. पूर्वाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत न्यायला लागले, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं द्यायला लागले. ती बोलतच नव्हती, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. मग शाळेने वर्षाला भेटायला बोलावलं.

भेटून आली ती थेट माझ्या किचनमध्ये. पूर्वा बरोबर होती. मी चहा टाकत होते. वर्षाने कोटसुद्धा काढला नाही, स्टुलावर बसली आणि रडायला लागली.

"ताई, ते म्हणतात पोरीले समजत नाही. तपासून घ्या म्हणतात. अमरावतीला वर्गात पहिली यायची हो माही पोरगी! इथं कोणी पाहिलं तिला? कोणी सांगितलं असन असं? आपलं काय वाईट केलं आपण कोणाचं?"

माझ्या हातात पक्कड होती. मी म्हणाले, "कुणास ठाऊक बाई. लोकांच्या तोंडाला कुठे हात लावणार?"

हे मी म्हणाले. मीच.

वर्षाने डोळे पुसले आणि पूर्वाकडे वळली. दुःख झालेल्या माणसाला कुणावर तरी राग काढायचा असतो, आणि परक्या देशात हक्काचं असं दुसरं कोण असतं? म्हणाली, तूच काही केलं असशील. वर्गात तोंड उघडायला काय होतं तुले? का म्हणतात ते असं? सांग.

पूर्वा माझ्याकडे बघत होती. राग नव्हता त्या नजरेत, मी तर राग शोधत होते. ती फक्त बघत होती, डोळे न मिटता, गॅरेजात बघायची तशी. तेव्हा मला कळलं की तिने सगळं ऐकलं होतं. घाबरते तेही, मंद आहे तेही. बोटही पाहिलं होतं. आणि एप्रिलपासून एवढे महिने आमच्या बेसमेंटमध्ये, आमच्या जमिनीखाली, ते घेऊन राहत होती. हे मावशीचं घर आहे, मावशीला त्रास नको.

मी वाट बघत होते, की आता सांगेल. सांग ना गं, सांगून टाक.

पूर्वा आईला म्हणाली, "मीच वर्गात लक्ष देत नाही. माझंच चुकलं."

वर्षाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. आवाज मोठा आला, जाड जॅकेट होतं अंगात.

मी पटकन पुढे झाले. पूर्वाला जवळ ओढलं, आणि वर्षाला म्हणाले, "अगं, मारतेस काय? लेकरू आहे ते."

वर्षा पुन्हा रडायला लागली. म्हणाली, "पाहा पूर्वा, मावशीला किती माया आहे तुही. पाहा."

पूर्वा माझ्या कुशीत ताठ उभी होती. ती म्हणाली, हो.

चहा उकळून वर आला होता. मी गॅस बंद केला, आम्हा दोघींसाठी दोन कप घेतले, पूर्वासाठी दूध. तिच्या दुधात साखर जरा जास्तच घातली.